अर्ध्या नावाचं पत्र

"पूर्ण नाव सांगा," काका म्हणाले. डावा तळवा पाटीसारखा पुढे धरला आणि उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवून लिहायला सज्ज झाले.

मी म्हटलं, "सीमा."

"हे तर अर्धंसुद्धा नाही. पुढे?"

मी नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडलं. त्यांनी मान हलवली. "नवरा नंतर आला, बाय. वडलांचं सांगा."

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या कॉलनीत सगळ्या घरांच्या टपालपेट्या एकाच ठिकाणी आहेत. तिथे उभं राहून, चाळिशी उलटलेल्या मी शाळेत हजेरीला सांगावं तसं माझं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं. काकांनी ते बोटाने तळव्यावर लिहिलं आणि मूठ मिटली. "आता पोचलं. अर्ध्या नावावर पत्र पोचत नाही."

तुमच्याही माहितीत असा एखादा म्हातारा असेलच. रस्त्यात दिसला की आपण फोन कानाला लावतो आणि तो गेल्यावर त्याचीच गोष्ट घरी सांगतो. मीही पहिल्या वर्षी फोन कानाला लावणाऱ्यांतलीच.

रत्नागिरीकडे खाडीकाठच्या गावांत काकांनी पोस्टमन म्हणून जन्म काढला होता. तिथे एकेका वाडीत चार-चार गणपत, त्यातल्या दोघांचं आडनावही एकच. वडलांचं नाव नसेल तर याच्या पोराची बातमी त्याच्या घरी जायची. निवृत्तीनंतर बायको गेली आणि मुलाने त्यांना इकडे आणलं. इथे त्यांच्या वाट्याला आले अर्ध्या नावांचे सॅम आणि निक. त्यांनी एकालाही सोडलं नाही. आमच्या कॉलनीतल्या पोरांना आपल्या आजोबांचं नाव काय होतं हे कळलं ते काकांमुळे. त्यांचं स्वतःचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. तशी त्यांचीच इच्छा होती.

दुसरा नाद पाणबुडीचा.

युद्धातली एक जर्मन पाणबुडी. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. काका तिला कैदाशीण म्हणत. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात मसालेभाताची प्लेट घेऊन कोणाही दोघांच्या मध्ये येऊन उभे राहत आणि सुरू करत, "तर कैदाशीण निघाली." माझा नवरा तेवढ्यात बर्फ आणायला म्हणून गॅरेजमध्ये जाई आणि बर्फ वितळेपर्यंत परत येत नसे.

मी नागपूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा तलाव. तरी ऐकून ऐकून त्या पाणबुडीची अख्खी कारकीर्द मला पाठ झाली. तिच्या कपाळावर एक हसरा खेकडा रंगवला होता. "आम्ही त्याचा रस्सा करतो," काका म्हणत. पहिल्या सफरीत तिला काही गावलं नाही, इंजिन बिघडवून घरी गेली. "नवखी होती," ते म्हणत, नव्या सुनेबद्दल बोलावं तसं. दुसऱ्या सफरीत उत्तरेच्या थंड समुद्रात दोन बोटी बुडवल्या. तिसऱ्या सफरीत थेट इथे, आमच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांचे दिवे चालूच ठेवलेले असत. त्या उजेडासमोरून जाणारी बोट काळी उठून दिसे. कैदाशीण दिवसभर तळाशी पडून राही आणि अंधार पडला की वर येऊन खाई. चौथ्या सफरीत हावरटासारखी पुन्हा इथेच आली. तोवर गावं दिवे विझवायला शिकली होती, विमानांची गस्त बसली होती. उथळ पाण्यात गाठून तिला बुडवलं.

"अजून पडली आहे तिथे," काका प्लेट खाली ठेवत म्हणत. "मासे अंडी घालतात तिच्यात."

एका शनिवारी ते घरी आले. हातात पाणबुडीच्या नोंदींची चारशे पानी वही. म्हणाले, "बाय, तिसऱ्या सफरीत तिनं एक इंग्रज मालवाहू बोट खाल्ली. त्यातल्या माणसांची यादी कुठे मिळते का बघ ना. मुलगा म्हणतो, बाबा, नंतर बघू."

शोधायला मला अर्धा तास लागला. किनाऱ्यावरच्या एका लहान गावात त्या बोटीचा स्मृतिस्तंभ होता आणि दगडावरच्या नावांचा फोटो कोणीतरी टाकला होता. आधी इंग्रज अधिकारी. खाली खलाशी. मी फोटो मोठा केला आणि वाचलं, "सोनू धाकू डोर्लेकर."

काका हसायला लागले. इतके हसले की मी पाणी आणलं.

"सोनूकाका," ते म्हणाले. "त्यानं मला पोहायला शिकवलं. माझ्या लग्नात पंगत वाढली. म्हातारा होऊन खाटेवर गेला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सोनू थोरला भाऊ, तो खलाशी. खलाशाचा परवाना पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, म्हणून परवान्यालाच नळी म्हणायचे. युद्ध सुरू असताना सोनूला मुंबईहून बोटीवर चढायचं होतं आणि नेमका हिवतापाने पडला. बोटीवर माणसं भरणारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, गावचाच. त्याला एक माणूस कमी पडत होता. तेव्हा धाकटा भाऊ भिकाजी थोरल्याची नळी घेऊन गेला. त्यावर सोनूचा फोटो होता, पण साहेबाला सगळे खलाशी एकाच तोंडाचे दिसत. भिकाजीची बायको तेव्हा पोटुशी होती. पोटात काका होते.

"पुढे सरकारी पत्र आलं," काका म्हणाले. "सोनू धाकू डोर्लेकर समुद्रात बुडून मयत. पोस्टमननं ते दारात कोणाच्या हातात दिलं असेल? सोनूकाकाच्याच. स्वतः मेल्याचं पत्र त्यानं स्वतः घेतलं आणि अंगणात बसला. त्यावरून आईला कळलं, आपण विधवा झालो."

मी फोटोतलं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

खरं सांगितलं असतं तर सारंग तुरुंगात गेला असता, त्याच्यामागे अर्धी वाडी उपाशी राहिली असती. घरच्यांनी तोंड मिटलं. सोनू कागदावर मेलेला, त्यामुळे त्याला पुन्हा बोट मिळणं शक्यच नव्हतं. त्याने जन्मभर शेतात नांगर धरला आणि भावाच्या पोराला वाढवलं. ज्याचं नाव कुठेच लागलं नाही, तो भिकाजी.

"आई जाताना शुद्धीवर होती," काका म्हणाले. "एवढंच विचारलं, त्यांचं नाव कुठे लागलं काय रे? मी पोस्टमन, बाय. दुनियेची पत्रं पोचवली. तिचं एक राहिलं."

आता माझं काम सांगते. औषधांच्या चाचण्यांचा डेटा मी तपासते. एका पेशंटचं रक्त दुसऱ्याच्या नंबरावर गेलं असेल, तर ते पकडण्याचाच मला पगार मिळतो. इतक्या वर्षांत इतकी मोठी चूक मी पाहिली नव्हती. मी चवताळलेच. म्हटलं, काका, हे दुरुस्त करायचं.

त्यांच्या मुलाला ते पटलं नाही. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सीमा, यू डोन्ट गेट इट यार. माझी सिटिझनशिपची प्रोसेस चालू आहे. आमचे आजोबा फेक पेपरवर बोटीत चढले, हे आपणच इथल्या लोकांना लिहून द्यायचं? आणि कोणासाठी? ऐंशी वर्षं झाली." त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. घर सोडून आलेल्या माणसाला कागदाची भीती वाटते, आणि ती मलाही ठाऊक आहे.

आठ दिवस काका टपालपेट्यांकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी स्मृतिस्तंभाच्या पत्त्यावर पाठवायचा लिफाफा घेऊन आले. मी ई-मेल करू म्हटलं तर म्हणाले, "त्याला पूर्ण पत्ता नसतो." पत्र पोस्टखात्याच्या इंग्रजीत होतं. त्याचं पहिलं वाक्य मराठीत साधारण असं होईल: 'आदरणीय बाई, आपल्या दगडावर बुडालेला इसम माझ्या लग्नास हजर होता, हे नम्रपणे कळवू इच्छितो.' सोबत लग्नातला फोटो. त्यात सोनूकाका, हातात बुंदीचं ताट, चांगला जिवंत.

उत्तर यायला महिना लागला. रोज टपाल यायच्या वेळी काका पेटीपाशी उभे. पोस्टमनच्या जागी इथे गाडीतून येणारी एक मुलगी होती. तिलाही पूर्ण नाव सांगावं लागलं होतं. एक दिवस तिनेच गाडीतून ओरडून सांगितलं की आलं.

स्तंभाचं काम पाहणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, दगडाचं काय ते मंडळ ठरवेल. पण मे महिन्यात नावं वाचण्याचा कार्यक्रम असतो, त्याला या.

गाडी शेवटी मुलानेच चालवली. रस्ता पाच तासांचा होता. मी मागे बसून काकांना दशम्या देत होते आणि ते वही उघडून पुन्हा पुन्हा मिटत होते.

बाई सत्तरीच्या पुढच्या, मच्छीमाराची लेक. बोट बुडाली तेव्हा त्यांच्या वडलांनी पाण्यातून काही माणसं ओढून काढली होती, काही जिवंत, काही मेलेली. बाई म्हणाल्या, "यांना हाक काय मारायची, तेच मला कळलं नाही, असं माझे वडील मरेपर्यंत म्हणत होते." मग त्यांनी काकांना विचारलं, "मी नाव काय वाचू?"

काकांनी त्यांचा डावा हात मागून घेतला. त्या गोऱ्या, सुरकुतलेल्या तळव्यावर बोटाने एकेक अक्षर लिहीत, उच्चारत गेले. भिकाजी. धाकू. डोर्लेकर. बाई मागोमाग म्हणत होत्या. 'धाकू'ला तीनदा अडल्या. चौथ्यांदा बरोबर म्हणाल्या तेव्हा काकांनी त्यांची मूठ मिटून दिली.

कार्यक्रमाला पन्नासेक माणसं होती. बाईंनी एकेक नाव वाचलं, नावामागे घंटेचा एक टोल. सोनूच्या नावापाशी त्या थांबल्या आणि काकांना बोलायला सांगितलं. काका इंग्रजीतून म्हणाले, "हा माणूस बुडाला नाही. त्यानं मला वाढवलं. बुडाला तो त्याचा भाऊ, माझा बाप." लोक आधी हसले, मग एकेकाने टोपी काढली. बाईंनी मूठ उघडून तळव्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "भिकाजी धाकू डोर्लेकर."

घंटा वाजली. काका ताठ उभे राहून म्हणाले, "हजर."

मी रडले. सांगायला लाज वाटत नाही. पलीकडे त्यांचा मुलगा चष्मा पुसत होता.

मंडळाच्या लोकांनी तिथेच विचारलं, दगडावरचं जुनं नाव काढून टाकायचं का? काका घाईने नको म्हणाले. "सोनूकाकाचंही राहू द्या. त्याचीही बोट त्याच दिवशी सुटली." कोणीतरी वहीत नोंदवायला काकांचं नाव विचारलं. ज्या माणसाने जगाला पूर्ण नाव विचारलं, तो म्हणाला, "माझं कुठे लिहू नका. आज त्याचं आलं आहे, तेवढं पुरे."

मग ते पाण्यापर्यंत चालत गेले. पँट गुडघ्यापर्यंत वर. पाणबुडी याच समुद्रात कुठेतरी तळाशी होती. काका तिला उद्देशून मोठ्याने म्हणाले, "ए कैदाशिणी, तू अजून नंबरच आहेस गो." आणि परतीच्या वाटेवर पाच तास मजेत घोरत झोपले.

पुढच्या वर्षी दगडावर सोनूच्या खाली भिकाजीचं नाव कोरलं गेलं. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, वडलांच्या नावावर जरा जास्त वेळ. त्याच हिवाळ्यात ते गेले. पॉटलकला आता कोणी मधे येऊन उभं राहत नाही, आणि माझा नवरा उगाचच गॅरेजमध्ये जाऊन परत येतो.

या मे महिन्यात मी आणि काकांचा मुलगा पुन्हा गेलो. बाई आता कागद न बघता नावं वाचतात. "भिकाजी धाकू डोर्लेकर," त्या म्हणाल्या, घंटा वाजली, आणि सवयीने त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

मुलगा उठला. "हजर," म्हणाला. आवाज थोडा फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

कार्यक्रम संपल्यावर बाई त्याच्यापाशी आल्या. डावा तळवा पुढे धरला, त्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "फुल नेम, प्लीज?"

त्याने नाव सांगितलं, वडलांचं धरून. बाईंनी ते सावकाश तळव्यावर लिहिलं आणि मूठ मिटली.