आत्याबाई मोताळ्याला उतरल्या

लग्न होऊन मी देऊळघाटला आले त्याच वर्षी आमच्या घरी मोटार आली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून बदलून आलेला एक गोरा साहेब परत जाताना आपली जुनी मोटार विकून गेला, ती सासऱ्यांनी घेतली. चालवायला शिकले ते फक्त माझे यजमान. त्या मोटारीत सगळ्यात हौसेनं कोण बसत असेल तर आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची विधवा बहीण. यजमानांना लहानपणी त्यांनीच सांभाळलेलं. त्या अंगानं चांगल्याच भारी होत्या. बैलगाडीत चढताना त्यांना दोघींचा हात लागायचा. मोटारीच्या पायरीवरून मात्र त्या एकट्या चढायच्या, आणि त्याचं त्यांना फार अप्रूप होतं.

माझ्या नणंदेचं डोहाळजेवण वडनेर भोलजीला तिच्या सासरी होतं. आत्याबाईंना ओटी भरता येत नव्हती, पण डोहाळ्यांची गाणी त्यांच्याइतकी आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. नणंदेनं मुद्दाम निरोप धाडला होता, आत्याला आणाच. पुढं यजमान आणि सासूबाई, मागं डावीकडं आत्याबाई, उजवीकडं मी, आणि मधे सांजोऱ्यांचा पितळी डबा, असे आम्ही सकाळीच निघालो.

राजूरचा घाट उतरताना जळक्या रबराचा वास यायला लागला. यजमानांना वाटलं, ब्रेक तापले. घाट संपल्यावर त्यांनी मोटार सावलीत उभी केली आणि चारी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मग पुढचं झाकण उघडून पंख्याचा पट्टा चिमटीत धरून ओढून पाहिला. तो ठीक होता. पुन्हा निघालो, तर खड्डा आला की मागून खर्र असा आवाज आणि मागोमाग तोच वास. मोताळ्याला थांबून त्यांनी वाकून पाहिलं. डावीकडचं मागचं टायर वरच्या मडगार्डला घासून एका पट्ट्यात गुळगुळीत झालं होतं. मोटार त्या बाजूला खाली बसली होती.

"आत्या, जरा मधात सरक," ते हसत म्हणाले, "नाहीतर टायर मरून जाईन."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं. आत्याबाईंनी आम्हा दोघींकडं पाहिलं आणि त्याही हसल्या. मग डबा माझ्या मांडीवर ठेवून सावकाश खाली उतरल्या.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतो एखादी बैलाची दमणी पाहून."

"काऊन वं आत्या? मजाक केली मी."

"मजाक नाही, बाबू. खरंच माह्यामुळं घासून राह्यली मोटार. तिकडं पोरगी वाट पाहून राह्यली असन. जा तुम्ही."

यजमानांनी पुन्हा एकदा बस म्हटलं, पण नेटानं म्हटलं नाही. ओळखीच्या एका दुकानदाराच्या ओट्यावर आत्याबाई बसल्या, आणि आम्ही निघालो.

जागा मोकळी झाली तशी मी डावीकडं सरकून ऐसपैस बसले. मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. पहिल्याच खड्ड्यात माझ्या बुडाखाली खर्र वाजलं. मी तेव्हा वाळक्या काडीसारखी होते. दुसऱ्या खड्ड्यातही वाजलं आणि वास आला. नव्या सुनेनं सासूसमोर नवऱ्याशी आपण होऊन बोलायचं नसे, म्हणून मी आणखी दोन खड्डे जाऊ दिले. शेवटी राहवेना.

"अजून घासून राह्यलं," मी म्हटलं.

यजमानांनी मोटार थांबवली. खाली निजून, काडीनं चिखल खरवडून त्यांनी चाकावरची कमान साफ केली. ही कमान म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्या. तिच्यावरच मोटारीचा भार असतो. तिची मोठी पट्टी मधोमध तुटली होती. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मागच्या हप्त्यात सरकीची पोती नेली होती मागं टाकून," ते हळूच म्हणाले. "नाल्यात मोटार आपटली. आवाज झाला होता. मी उतरून पाह्यलं नाही."

शेजारच्या शेतातून बाभळीचा एक तुकडा आणून त्यांनी तो कमानीच्या वर ठोकला आणि दोरखंडानं आवळला. मोटार उचलली गेली, घासणं थांबलं. मागं जाऊन आत्याला घेऊन येतो, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, तिकडं पानं मांडली असतील, आणि लाकडावर किती भार घालायचा? मी डबा मांडीवर घेऊन आत बसले. आम्ही पुढंच गेलो.

डोहाळजेवण झालं. गाणी सासूबाईंनी म्हटली, मधेच अडखळल्या. नणंद सारखी दाराकडं बघत होती. उन्हं कलल्यावर आत्याबाईंची दमणी दारात आली. तोवर पानं उचलली गेली होती. यजमान धावत गेले.

"आत्या, तुह्यामुळं नव्हतं. कमान तुटली होती."

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. मन राखायला म्हणतो आहे, असंच त्यांना वाटलं.

मलकापूरला नवी पट्टी बसवून घेतल्यावर यजमानांनी जुनीचे दोन्ही तुकडे घरी आणले आणि आत्याबाईंच्या समोर ठेवले. त्यांनी ते हातात घेऊन नीट पाहिले.

"एवढं जाड लोखंड," त्या म्हणाल्या. "माह्यामुळंच तुटलं असन."

"सरकीची पोती भरली होती मी, आत्या. माही चूक हाय."

"पोती एक दिवस होती, बाबू. मी तर मोटार आली तवापासून बसून राह्यली."

यजमानांनी ते तुकडे उचलून बाहेर नेले. मी आत जाऊन चुलीपुढं बसले. त्या दिवशी हसले म्हणून आत्याबाईंची माफी मागावी असं वाटलं. पण मागितली असती तर ती गोष्ट पुन्हा त्यांच्या वजनावरच आली असती.

आत्याबाई त्यानंतर मोटारीत बसल्या नाहीत. कुठं जायचं झालं की दमणी जुंपायला सांगत. यजमान मोटार घरी ठेवून त्यांच्यासोबत दमणीत जाऊ लागले. कधी मीही असे. बैल चांगले ताकदीचे होते, रस्ता सपाट होता, तरी आत्याबाई कडेला अंग चोरून बसायच्या, आणि चढ आला की उतरू का, म्हणून विचारायच्या.