दोरीवरचा चिखल

धरणावर त्यांना सगळे ठावकाका म्हणत. होडीतून दोरीला वजन बांधून तळाशी सोडायचं आणि गाळ किती चढला ते वहीत लिहायचं, हेच सव्वीस वर्षं केलं. बायकोच्या मनाचा ठाव मात्र एकदाही लागला नाही, असं तेच सांगायचे आणि बायकोच सगळ्यात जास्त हसायची.

या महिन्यात काकांना हसू सुचत नव्हतं. नवी इंजिनिअर बाई तळाचा दरवाजा उघडणार होती. तो उघडला की साठलेला गाळ पाण्याच्या जोराने निघून जातो. पण गाळच दरवाज्यावर चढला, तर दरवाजा कायमचा गेला म्हणून समजा. वहीप्रमाणे गाळ अजून मीटरभर खाली होता, म्हणून पाणी वाया नको असं म्हणत दरवर्षी काम पुढे ढकललं गेलं.

वही खोटी होती, आणि हे एकट्या काकांना ठाऊक. मूळची चपटी शिशाची चकती पाण्यात हरवली, तेव्हा अर्जबिर्ज कोण करत बसणार, म्हणून त्यांनी पहारीचा तुकडा बांधला. चकती गाळावर टेकायची, पहार मेली मऊ गाळात घुसायची आणि वहीत गाळ होता त्याहून खाली लागायचा. दोरी वर यायची ती तीन हात चिखलाने माखून. काका ती मुकाट्याने धुऊन टाकायचे.

दोन दिवस घास उतरला नाही, तेव्हा बायकोने खोदून खोदून विचारलं. ऐकून म्हणाली, "झाकली मूठ आता पुरे. जा आणि सांगा."

काका गेले. बाईने सगळं ऐकून घेतलं, ओरडली नाही, त्याने ते जास्तच घाबरले.

"आधी उघडून बघू," एवढंच ती म्हणाली.

मोटार सुरू झाली. दरवाजा कण्हत हातभर वर गेला. सगळे कठड्यावरून वाकले. पाण्याचा थेंब नाही. काका मनात आकडे मोजत राहिले. शंभर झाले, दोनशे झाले. चिखलाचा एक गोळा तेवढा सुटला आणि तिथेच बसला.

बाईने मोटार बंद करायला लावली. "दोरीवर चिखल पहिल्यांदा कधी दिसला, काका?"

यंदाच, असं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? शब्द जिभेवर आलेही होते.

"आठ वर्षं झाली," काका म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी जरी सांगितलं असतंत, तरी उघडला असता."

"निघालो होतो मी तेव्हा," काका म्हणाले. "ऑफिसच्या दारातून परत फिरलो."