खोडरबर काढा आधी

"खोडरबर काढा आधी. मंग वही उघडा."

प्रयोगशाळेच्या दारात उजवा तळहात पुढे करून सर उभे असायचे. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं खोडरबर त्या हातावर ठेवायचं, सरांनी ते पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि तास संपला की परत द्यायचं. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला खोडरबरं काढली जायची. नव्याने आलेल्या शिक्षकांना हे खूळ वाटायचं. मलाही वाटलं होतं.

"चुकलेला आकडा खोडायचा न्हाई," ते सांगायचे. "त्याला राहू द्यायचं. बाजूला लिव्हायचं, का चुकला ते."

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. तीर्थपुरीहून आत, जिथे एसटी तिच्या मनाला आलं तर येते. माझं अक्षर सुंदर आहे. हे मी नाही, सगळा तालुका म्हणतो. प्रमाणपत्रांवरची नावं, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक, सगळं माझ्याच गळ्यात. सर फलकासमोर थांबून मान हलवायचे. "मॅडम, अक्षर लई झ्याक तुमचं. ह्या अक्षरात खोटंबी खरं वाटतं." मी हसायचे, स्तुती समजून.

विज्ञान प्रदर्शनं तुम्हीही पाहिली असतील. थर्माकोलचा ज्वालामुखी, शहरातून तयार आणलेली पवनचक्की, श्वास न घेता म्हणून दाखवलेलं पाठ भाषण. पाहुणे फीत कापतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. मॉडेल चालतं का, हे विचारायची पद्धत नाही. सर दरवर्षी मुलांनी स्वतः केलेलं काहीतरी वेडंवाकडं घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे.

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. दहावीतल्या एका मुलीने सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र केलं. आडतीवर माल नेला की व्यापारी चार दाणे दाताखाली धरतो, "ओला हाय" म्हणतो आणि भाव पाडतो. तिच्या वडिलांना ते खरं की खोटं, कधीच कळलं नव्हतं. तिने प्लास्टिकच्या डब्यात दोन खिळे बसवले आणि त्यांना मीटर जोडला. ओल्या दाण्यांतून वीज जास्त जाते, एवढाच आधार. मग तेच दाणे तव्यावर सुकवायचे, आधी आणि नंतर सराफाच्या काट्यावर तोलायचे आणि पडताळा घ्यायचा. चार महिने आकडे चुकले. खिळे गंजले. दाणे कधी दाबून भरले गेले, कधी सैल. शेवटी झाकणावर वीट ठेवली, सगळे दाणे सारखे दाबले गेले आणि आकडे जुळले. हे सगळं तिच्या कच्च्या वहीत होतं, चहाच्या डागांसकट.

तालुक्यात ती पहिली आली. तिचे वडील शाळेत येऊन सरांना म्हणाले, "जिल्ह्यातून राज्याला नंबर लागला, तर अकरावीला जालन्यात हॉस्टेलला ठेवून सायन्सला घालतो. न्हाई तं हितंच आर्ट्सला टाकीन. रोजचं येणं-जाणं पोरीच्या जातीला जमणार न्हाई."

जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या दिवशी सरांना मतदारयादीच्या कामाला जुंपलं. मुलीबरोबर मी जायचं ठरलं. "मॅडम, वही तेवढी हाय तशी न्या," त्यांनी दोनदा बजावलं.

मी नेली नाही. ती डागाळलेली, चुकांनी भरलेली वही जिल्ह्यापुढे ठेवायची मला लाज वाटली. दोन दिवस बसून मी माझ्या अक्षरात नवी वही केली. त्यात फक्त जुळलेले आकडे घेतले. मुलगी म्हणाली, "सर रागावतील." मी म्हटलं, "सरांचं मी बघते." कच्ची वही प्रयोगशाळेच्या कपाटात राहिली.

आणि नेमक्या त्याच वर्षी एक परीक्षक बाई खरंच वाकून पाहणाऱ्या निघाल्या. त्यांनी वीट उचलून पाहिली, परत ठेवली, खुशीत दिसल्या. मग वही उघडली.

"एकही आकडा चुकला नाही तुझा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"हे अक्षर तुझं आहे?"

"न्हाई. मॅडमचं हाय."

खोटं बोलायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. बाई माझ्याकडे वळल्या. "मग यंत्र कुणाचं? कच्ची नोंदवही असेल तर दाखवा. चार वाजता निकाल आहे."

मी सरांना फोन केला. हातातलं काम टाकून, वही पिशवीत घालून ते मोटारसायकलवर निघाले. पोचले तेव्हा मंडपातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या. राज्यासाठी ज्वालामुखी निवडला गेला होता.

सरांच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "खरं बोललीस ना बाई? मंग बराबर केलंस." मला म्हणाले, "चला मॅडम, एसटी निघंल." एवढंच. चारचौघांत झापलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मुलगी आर्ट्सला गेली. गावात अजून म्हणतात, ते मशीन मॅडमनी केल्तं.

सर निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात वारले. माफी मागायची मी आज, उद्या करत राहिले. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

परवा कपाट आवरताना खोडरबरांच्या डब्याखाली ती वही सापडली. शेवटच्या पानावर प्रदर्शनाची तारीख होती आणि खाली सरांच्या गिचमिड अक्षरात दोन ओळी: "निवड झाली नाही. कारण – वही मी स्वतः मुलीच्या हातात दिली नाही." माझं नाव कुठेच नव्हतं.

मी पेन काढलं. त्यांचं खोडलं नाही. बाजूला लिहिलं : वही मी बदलली. खाली पूर्ण नाव घातलं.

लिहून झाल्यावर पाहिलं. अक्षर सुंदर आलं होतं.