खेमसिंगची बीर

उमरखेडकडच्या त्या तांड्यात मोहाची दारू गाळणारे पुष्कळ होते. बीर, म्हणजे साहेबांची बिअर, बनवणारा खेमसिंग एकटाच. कामठीच्या फौजी मेसमध्ये त्यानं गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून बाटल्या धुतल्या होत्या. नोकरी संपवून घरी आला तो गोणीभर रिकाम्या बाटल्या आणि डोकंभर ऐट घेऊन.

त्यानं ज्वारीला मोड आणले, वाळवून भरडली, उकळून रांजणात आंबवली. कडूपणासाठी साहेब बिअरमध्ये घालतात ते हॉप्सचं फूल कुठून आणणार? कडुनिंबाची साल टाकली. मग निवळलेला रस बाटल्यांत भरून प्रत्येकीत चिमूटभर गूळ सोडला.

"गूळ कायले?" बायकोनं, बिजलीबाईनं विचारलं.

"बंद बाटलीत फसफसते तो. त्याचाच फेस होते. तुले नाई समजत."

तो सुतळी आणायला गेला, तेवढ्यात बिजलीबाईनं रस चाखला. तोंड वेडंवाकडं झालं. बिचारीनं प्रत्येक बाटलीत गुळाचा सुपारीएवढा खडा आणखी टाकला. खेमसिंगनं बुचं ठोकून सुतळीनं आवळली आणि बाजेखाली ओल्या वाळूत बाटल्या मुरत ठेवल्या.

चैत्राचं ऊन तापलं. दारूबंदीचा जमादार पुंडलिकराव झडती घेत आला, दमला आणि पाणी मागून नेमका त्याच बाजेवर टेकला.

फट्! फटाफट्!

"गोळीबार!" जमादार ओरडला आणि कणगीवर चढला. पगडीपासून मिशीपर्यंत फेसच फेस. खेमसिंग बिजलीबाईच्या मागे दडला. जमादारानं मिशी चाटली आणि पचकन थुंकला.

"थू! याले दारू म्हनलं तं दारूचा अपमान होईन! काय आहे रे हे?"

खेमसिंगची भीती कुठल्या कुठे पळाली. "अपमान? साहेब, हे तं असल—"

बिजलीबाईनं त्याच्या पायावर कचकन पाय दिला. "बैलाचं औषध हाय, साहेब. पोट फुगलं होतं त्याचं."

"आता बैल पळूनच जाईन," म्हणत जमादार पगडी पिळत निघून गेला.

खेमसिंग जेवला नाही. "याच्यापेक्षा जेल बरी होती," म्हणाला. शेवटी बिजलीबाईनं भीतभीत गुळाचं सांगितलं.

तो टुणकन उठून बसला. "म्हंजे माही बीर चुकली नोती!"

पुढच्या होळीला साल निम्मी आणि गूळ खेमसिंगच्याच मुठीत. पहिलं बूच निघालं ते फुस्स करून, वर पांढराशुभ्र फेस. तांड्याचा नायक धावजी यानं घोट घेतला आणि नाक चोळलं.

"कडू हाय," तो म्हणाला, "पन नाकात गुदगुल्या करते. आनखी आन."