मुकादमाची जेवायची वेळ

लढाईच्या वर्षांत भाईंदरच्या मिठागरावर एक मुकादम होता. त्याला जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी मजुरांनी भाकऱ्या सोडल्या की हा लांब बांधावर जाऊन फावड्याला टेकून उभ्याउभ्या झोपायचा आणि रात्रभर गावात फिरायचा. अंगावर मांस असं नव्हतंच. "जेवलास का?" विचारलं की म्हणायचा, "भूक न्हाय मास्तर, भूक न्हाय."

मी शाळामास्तर, म्हणजे जग सुधारायचा मक्ता माझाच! भर दुपारी त्याला घरी ओढून आणलं, पापलेटाचं कालवण वाढलं आणि पाढे ऐकावेत तसा घासाघासावर डोळा ठेवला. त्याने सगळं संपवलं. मी फुशारून बायकोकडे पाहिलं, तोच परसातून ओकारीचा आवाज आला.

"झाला इलाज?" बायको म्हणाली.

मुकादम तोंड पुसत आला. "कालवण झ्याक होतं, वहिनी," म्हणाला आणि पुढे महिनाभर मला पाहून वाट बदलत राहिला.

एकदा पहाटे तीनला दार वाजलं. दारात तोच, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"मास्तर, आता जराशी भूक हाय. एकट्याला जात न्हाय. बसता का? पन माझ्याकडं बघाचा न्हाय."

मी धोतर सावरत धावलो, उंबऱ्याला ठेचकाळलो. ओटीवर पाठीला पाठ लावून बसलो. मागे तो चावत होता आणि इकडे मी न बघता घास मोजत होतो. अर्धी भाकरी गेली! मग त्याचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं आणि तो चक्क घोरायला लागला.

शाळेची घंटा झाली तरी मी हललो नाही.