आमच्यात धीट कोण

कुहीच्या स्टँडवर त्या सकाळी सगळं घर जमलं होतं ते विमलताईला निरोप द्यायला, मला नव्हे. आम्ही दोघी बहिणी एकदमच मॅट्रिक झालो होतो, कारण शाळेत नाव घालताना बाबांनी एका फेरीत दोन्ही कामं उरकली होती. कॉलेज नागपूरला. तिथे सक्करदऱ्यात आमची आत्या राहायची आणि तिच्या दोन खोल्यांत एकाच पोरीची सोय होणार होती. कोणाला पाठवायचं हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

आमच्या घरात शेतीच्या आधी स्वभावांची वाटणी झाली होती. ताई धीट, मी भित्री. बिथरलेला गोऱ्हा ताई एकटी वळवून आणायची, बांधावरच्या भांडणात बाबांच्या आधी बोलायची. मी मात्र पाहुणे आले की धानाच्या कोठीमागे. माय म्हणायची, "स्वभावाले औषध नाही, बापा."

ताई पंधरवड्यात परत आली, ट्रंकेसकट. आजारी पडले, आत्याशी जमलं नाही, काहीही सांगता आलं असतं तिला. शेजारच्या काकूंनी भर अंगणात विचारलं, "काहून वापस आली वं?"

"भेव लागे मले तिथं. जेवण गोड लागे ना, झोप ये ना."

आवाज इतका खणखणीत, की काकूच खाली पाहू लागल्या. गावाने तिला भागूबाई म्हणायला सुरुवात केली, तर ती त्यावरही हसली. बाबा मात्र हिरमुसले. "हेच टिकली नाही, ते काय टिकन!" ते म्हणजे मी. तेव्हा ताईच त्यांच्या मागे लागली, "सुमनले पाठवा बाबा. ते बोलत नाही, पण आयकते सारं." तिच्या हट्टापुढे बाबांचं काही चाललं नाही, आणि मी नागपूरला आले.

आता खरं सांगते. मीही रडले. पहाटेच्या नळावरची बायकांची रांग, भडकणारा स्टोव्ह, वर्गात हिंदी-मराठीची मिसळ करून फाडफाड बोलणाऱ्या पोरी, सगळ्याचीच भीती वाटायची. सक्करदऱ्याच्या तलावाकडे तोंड करून मी रोज ठरवायची की आज आत्याला सांगायचं, मला घरी पोचवून दे. आत्या समोर आली की जीभ टाळूला चिकटायची. असं न सांगता सांगता वर्ष निघालं आणि मग बी.ए.चं शेवटचं वर्षही आलं. गावात माझी कीर्ती पसरली होती, धाकटी हिंमतवाली निघाली म्हणून!

मानसशास्त्र हा माझा विषय. त्या वर्षी व्यक्तिमत्त्वाचा धडा लागला. अंतर्मुख, बहिर्मुख, गुणविशेष असे शब्द फळ्यावर लिहून सर म्हणाले, "गुण डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते वागणं. स्वभाव तोच राहतो, पण जागा बदलली की माणूस वेगळं वागतो. आणि दोघं सारखं वागले तरी दोघांची कारणं सारखी नसतात." पोरी भराभर उतरवून घेत होत्या. माझं पेन थांबलं होतं. ताई परत गेली तेव्हाही धीटच होती, आणि मी टिकले तेव्हाही भित्रीच होते. चारचौघांत भीती कबूल करायला जी छाती लागते ती तिच्याकडे होती, म्हणून ती घरी होती. माझ्याकडे नव्हती, म्हणून मी वर्गात होते. बहिणीचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढे तोच धडा मी शिकवू लागले. लग्न झालं, सक्करदऱ्यातच घर झालं, स्टोव्ह जाऊन गॅस आला, आणि वर्गात उभी राहिले की तोंडातल्या "मले"चा "मला" होऊ लागला. ताई मौद्याला दिली. तिथेही तिचं तोंड कोणी धरू शकलं नाही, आणि धरू नये. माझ्यासारखे जे गाव सोडून शहरात टिकलात, त्या तुम्हाला एकदा विचारावंसं वाटतं, हिंमतीने किती जण टिकलात आणि लाजेने किती? जे परत गेलात, त्या तुम्हाला तर मी मनातून हातच जोडते.

गेल्या उन्हाळ्यात मौद्याला गेले होते. ताईने शेजारणींना नेहमीसारखी ओळख करून दिली, "हे आमची सुमन. हे हिंमतवाली, मी भागूबाई." सगळ्या हसल्या. इतकी वर्षं मीही हसत आले होते, त्या दिवशी हसू येईना. माझं खोटं कौतुक ती स्वतःला कमी करून करत होती. शेजारणी गेल्यावर मी म्हटलं, "ताई, मलेही वापस याचं होतं वं. रोज वाटे. सांगाची हिंमत नव्हती."

तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. मला वाटलं, आता हसेल. ती रागावली.

"मंग चिठ्ठी काहून नाही टाकली? मी आली असती न तुले घ्याले."

"नागपूरले? तू?"

"हो त. भेत भेत आली असती."

रेशनकार्डावर माझं घर सक्करदऱ्यात आहे आणि ते मला आवडतं. पण घर कोणाला म्हणायचं, हे मला त्या दुपारी तिच्या ओसरीवर कळलं. आपल्याला न्यायला जे माणूस भीत भीत का होईना, आलं असतं, त्याला.