देशमुखांच्या पोळ्यातलं इंजिन

तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि त्याचा पैसा इकडे अकोल्यात येऊन पडत होता. तिकडचा कापूस बंद पडल्यानं इकडच्या कापसाला असा भाव आला की वऱ्हाडातल्या बड्या लोकांना काय करू नि काय नको असं झालं. कोणी गाडीच्या चाकांना चांदीची धाव चढवली, कोणी बैलांच्या शिंगांना सोन्याच्या शेंब्या केल्या. मोर्णा नदीकाठी जुन्या शहरात राहणाऱ्या खुशालराव देशमुखांचं हे सगळं करून झालं होतं. आता त्यांना इंजिन पाहिजे होतं.

खरं इंजिन अजून यायचं होतं. रूळ खानदेशातच होते. पण अकोल्याचं स्टेशन आपल्या मळ्याला लागून व्हावं असं खुशालरावांच्या मनात होतं आणि त्यासाठी त्यांनी रूळ टाकणाऱ्या एका गोऱ्या साहेबाला पोळ्याला बोलावून ठेवलं होतं. साहेबाला घेऊन तोरणाखालून, सगळ्या गावाच्या बैलांच्या पुढे, आपलं स्वतःचं इंजिन जावं ही त्यांची हौस. छातीएवढं उंच, खऱ्यासारखं वाफेवर चालणारं, शिट्टी मारणारं, मागे माणसांनी भरलेल्या तीन छोट्या गाड्या. असं कोणाकडेच नव्हतं, म्हणून ते त्यांना हवं होतं.

हे काम आलं ताहेर कल्हईवाल्याकडे. त्याचे बापआजे लोकांची भांडी चमकवता चमकवता मेले. हा मात्र मधे खानदेशात रुळांच्या कामावर तांब्याच्या नळ्या दुरुस्त करायला गेला आणि तिथं त्यानं इंजिन पाहिलं. पाहिलं कसलं, कामातून गेला म्हणा ना. हातातला सांधे जोडायचा डाख निवून जायचा तरी हा चाकांकडेच बघत राहायचा. एकदा हिंमत करून मुकादमाला म्हणाला, मला इंजिनावर घ्या, कोळसा टाकायला का होईना. मुकादमानं आणखी चौघांना बोलावलं, ताहेरला तेच पुन्हा म्हणायला लावलं, सगळे पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाकलून दिलं. परत आला तो ते वेड घेऊनच. खुशालराव म्हणाले की इंजिन नीट चाललं तर मी स्वतः साहेबाकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो. ताहेरनं दुसरं काही विचारलंच नाही.

सगळा उन्हाळा त्याच्या घरात भट्टी पेटलेली होती. त्याची बायको बिल्कीस भाता ओढायची. मोडीत निघालेल्या देगी कापून त्यानं बॉयलर केला. तांब्याचे पत्रे वाकवले, रिबिटा ठोकल्या, सांध्यांत पितळेचा डाख भरला, आतून जाळ जायला नळ्या बसवल्या. पहिला बॉयलर फाटला आणि फाटताना ताहेरच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून गेला. बिल्कीसनं कोरफड लावली, सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जखम ओली असतानाच पुन्हा भात्यावर बसली. दुसरा बॉयलर टिकला. ओताऱ्याकडून पितळेची नळकांडी आली. त्यांत पुढेमागे होणारा दट्ट्या घट्ट बसावा म्हणून ताहेरनं त्याला तेलात भिजवलेलं कापसाचं सूत गुंडाळलं. सुताला वऱ्हाडात काय तोटा!

चाकं ओतीव लोखंडाची होती. खुशालरावांनी त्यांवरही चांदीची धाव चढवून घेतली. चांदी गुळगुळीत, चाकं घसरतील म्हणून ताहेरच्या मनाला ते पटत नव्हतं, पण मालकांना सांगणार कोण? नदीकाठच्या मैदानात बाभळीच्या ओंडक्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकून रूळ केले होते. त्यांवरून एका सकाळी ते इंजिन मागे गाड्या घेऊन चाललं, चांदीसकट चाललं. ताहेर इंजिनाच्या मागच्या फळीवर बसलेला, आणि बिल्कीस ओढणी सावरत शेजारून धावत होती, हसत होती. त्या दिवसाइतका ताहेर पुन्हा कधी सुखी झाला नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी आशा लावून बसायला नको.

पोळा आला. झुली, बाशिंगं, घुंगरं घालून मैदान बैलांनी भरलं. साहेब खुर्चीवर बसला होता. इंजिनात निखारे फुलले होते, वाफ धरत होती, आणि एवढ्यात खुशालरावांची आई पार्वताबाई हातात लोणी-हळदीची वाटी घेऊन आल्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांची ती सेवा.

"काल साऱ्या बैलाइचे खांदे मळले, अन् याले कोनी इचारलं बी नाही," म्हातारी म्हणाली. "हाही ओढणाराच हाय ना? याचा खांदा कोनता रे, ताहेर?"

ताहेरच्या इंजिनाला आजवर कोणी जीव लावून असं विचारलं नव्हतं. त्या आनंदाच्या भरात तो चाकांकडे बोट दाखवून म्हणाला, "माय, याचा सारा जोर इथं हाय."

म्हातारी बसली आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिनं सगळी चाकं मळली. चांदीच्या धावेवर, फटीफटीत, बोटांनी जिरवून जिरवून. उरलेलं लोणी रुळांना पुसलं. ताहेरला वाटलं होतं, बोटभर लावील. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं फडकं उचललं, तर भटजी ओरडले की पुजलेलं पुसतात का. सणाच्या दिवशी, एवढ्या गर्दीत, ते फडकं धरलेला हात मुसलमानाचा होता. ताहेरनं फडकं खाली ठेवलं. लोणी उष्णतेनं जळून जाईल अशी मनाची समजूत घातली.

साहेब, खुशालराव आणि चार बडी माणसं गाड्यांत चढली. शिट्टी झाली तसे बैल बिथरले, बायांनी कानांवर हात ठेवले. ताहेरनं वाफ सोडली. चाकं फिरली, भरभर फिरली, आणि इंजिन तिथल्या तिथं उभं राहिलं. पिवळं लोणी ताहेरच्या तोंडावर उडालं. लोकांना आधी वाटलं असंच असतं, म्हणून टाळ्या पडल्या. मग कोणीतरी विचारलं, "काहो देशमुख, दळून राहिलं का हे?" आणि सगळं मैदान हसत सुटलं.

ताहेरनं खाली उडी मारली आणि जाळाखालची मूठभर राख उचलली. राख रुळांवर पडली असती तर चाकांनी पकड घेतली असती. खुशालरावांनी गाडीतून उतरून त्याचं मनगट धरलं, तेच भाजलेलं.

"मायनं पुजलेल्या चाकावर राख टाकतं? पोळ्याच्या दिवशी?" ते हळू आवाजात म्हणाले, कारण साहेब बघत होता.

"मालक, एक मूठ. चालते ते, खुदाकसम."

"हात तोडीन."

साहेबानं घड्याळ काढलं. इंजिन तोरणाखालून तर जायलाच हवं होतं. कोणी म्हणालं, बैल जुंपा. पण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, ते पाप. खुशालरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर ताहेरवर थांबली.

"बैलाले आज सुटी हाय," ते म्हणाले. "तुले नाही."

दोर आला. कोणीतरी ताहेरच्या गळ्यात घुंगरमाळ घातली, कोणी डोक्याला बाशिंग बांधलं. बिल्कीस गर्दीतून पुढे आली तर देशमुखांच्या गड्यांनी तिला मागे लोटलं. ताहेर दोर टाकून निघून जाऊ शकला असता. पण साहेब मागच्याच गाडीत बसला होता, आणि खुशालरावांनी शब्द अजून टाकायचा होता. म्हणून त्यानं दोर खांद्यावर घेतला. लोण्यामुळे चाकं सुरेख फिरत होती. खुशालराव स्वतः शिट्टी वाजवत होते, आणि मैदानभर लोक हो हो, हाय हाय करून त्याला हाकत होते. तोरणाखालून इंजिन गेलं.

उतरल्यावर साहेबानं ताहेरचा खांदा चाचपून पाहिला. खुशालरावांनी शब्द टाकला, हे खोटं नाही. "रेल्वेत घ्या याले, लई दिवसाची इच्छा हाय त्याची," असं ते म्हणाले. साहेब हसला. "मजबूत आदमी है. हम लेगा." ताहेरनं घुंगरमाळेसकट वाकून सलाम केला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं. काम कसलं ते त्यानं नंतर ऐकलं.

चांदीची धाव त्याच संध्याकाळी उतरवून घेतली गेली. बॉयलर देशमुखांच्या न्हाणीघरात पाणी तापवायला लागला. ताहेर रुळांवर गेला. रूळ तपासायचा एक ठेला, म्हणजे रुळांवरची ढकलगाडी असे, त्यावर छत्रीखाली साहेब बसे आणि चार माणसं मागून तो ढकलत कोसन्‌कोस पळत. त्या चारांतला एक ताहेर.

अकोल्याला पहिलं इंजिन आलं त्या दिवशी चौघांनी ठेला उचलून रुळांच्या बाजूला धरला. इंजिन ताहेरच्या हातभर अंतरावरून गेलं. कोळसा टाकणारा माणूस त्याला अगदी जवळून दिसला, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. ताहेरनं हात पुढे केला असता तर इंजिनाला लागला असता, पण हातांत ठेला होता. इंजिन गेलं तसा साहेब म्हणाला, "चलो." चौघांनी ठेला रुळांवर ठेवला आणि खांदा लावला.